पालखीच्या विसाव्यापर्यंत

॥ श्रीवीरेश्वर प्रसन्न ॥

महाड,
गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. कालिंदीवन्संना वैदेहीचा नमस्कार.

या आठवड्यात घरात आलेल्या वस्तू अशा: कॅनव्हासचे पांढरे बूट, एक जोड, ऐंशी रुपये (नव्वद सांगितले होते), मोजे दोन जोड, बावीस, पत्र्याची शिट्टी, तीन, छत्रीची काडी बदलून, पाच. एकूण एकशे दहा. आणि हे सगळं माझ्यासाठी! चौतीस वर्षांच्या संसारात एका आठवड्यात स्वतःवर इतका खर्च मी केलेला नाही. बाळंतपणं सोडून.

पत्र कुणाचं ते बघून खाली ठेवलं असलंत तर कृपा करून पुन्हा उचला. अकरा वर्षांत संक्रांतीच्या तिळगुळापलीकडे मी तुम्हाला काही धाडलं नाही, आणि त्या पाकिटात चिठ्ठी घालायचा धीर कधी झाला नाही. भांडण तुम्हा बहीणभावांचं, पण लिहिणं माझंही थांबलं. आता मात्र राहवत नाही.

झालं असं. २६ जानेवारीला वाचनालयाचा वर्धापनदिन. त्या दिवशी गावफेरी काढायची, जुन्या आळ्या, देवळं, तळी, घाट, सगळं पायी दाखवायचं असं ठरलं. गावातलं जुनं काही विचारायचं तर मास्तरांनाच, म्हणून काम अर्थात ह्यांच्याकडे आलं. पण ह्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने भरलेत. ऑपरेशन फेब्रुवारीत. हातभर अंतरावरचा माणूस आवाजाने ओळखतात. मंडळी विचारायला आली तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले आणि तोंडातून निघून गेलं, "मी नेते की लोकांना."

हे हसले. म्हणाले, "तुला देऊळ, बाजार आणि दुधाची डेअरी यापलीकडे महाड ठाऊक आहे का?"

खरंच ठाऊक नव्हतं. म्हणून दर बुधवारी सराव सुरू केलाय. सोबत औद्योगिक वसाहतीतल्या बायका असतात. नवरे केमिकलच्या कारखान्यात पाळीवर, आणि ह्या नव्या गावात चार भिंतींत. त्यांची म्होरकी सेजल. उमरठकडची मुलगी, वाढली मुंबईत. पहिल्या दिवशी माझे बूट बघून म्हणाली, "काकी, एकदम सॉलिड! साडीवर मॅचिंग पण आहेत." देवळापाशी फुलवाली म्हणाली, "वहिनी, पोलिसात भरती झालात काय?" मी शिट्टी वाजवून दाखवली.

वन्सं, किती हिंडलो म्हणून सांगू! गाडीतळापासून निघालो, तांबट आळीत थांबलो. या आळीतून मी हजारदा गेले असेन, पण ठोक्यांनी कान किटतात म्हणून पदर कानावर घेऊन. काल आत गेले. तिथले गृहस्थ हंडा ठोकत होते. मान वर न करता म्हणाले, "आवाज ऐका. पत्रा कच्चा असला की थापटल्यासारखा वाजतो, पुरा झाला की देवळातल्यासारखा." आम्ही चौदा बायका डोळे मिटून ऐकत उभ्या. आवाज बदलला तशी सेजल ओरडली, "झाला!" आणि खरंच झाला होता!

अंतर मोजायची माझी रीत माझी मीच काढली. मनात जप चालू ठेवायचा आणि मणी मोजायचे. गाडीतळ ते वीरेश्वर दोन माळा. तांबट आळी ते कोट आळी एक माळ एकवीस मणी. सेजल म्हणते, "काकी, किलोमीटरमध्ये बोला ना." मी म्हटलं, "किलोमीटरने पुण्य लागत नाही."

आता मुद्द्याचं. मामंजी तुम्हाला लहानपणी रोज संध्याकाळी गावभर फिरवायचे. कुठल्या आळीला काय म्हणत, कुठे कुणाचा पार होता, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं तसं कुणालाच सांगितलं नाही. त्यातलं आठवेल ते लिहाल का? आणि २६ तारखेला स्वतः आलात तर... पण तो शब्द मी आत्ता टाकत नाही.

मामंजींच्या वहीविषयी या पत्रात काही लिहीत नाही.

पत्र लिहिते आहे हे ह्यांना माहीत आहे. म्हणाले, "काय लिहितेस ते मला सांगू नकोस. पण पोस्टात टाकायला विसरू नकोस."

तुमची,
वैदेही


महाड,
गुरुवार, २६ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. वन्संना नमस्कार.

तुमचं कार्ड आलं! पोस्टमन दारात असतानाच वाचलं. चार ओळी, पण अक्षर तेच. "बूट घातलेत, आता पदर कंबरेला खोचा, नाहीतर पहिल्याच पायरीवर पडाल." वाचून मी मोठ्याने हसले, तर आतून ह्यांनी विचारलं, "काय म्हणते?" मी वाचून दाखवलं. ते हसले नाहीत, पण दुपारी मी निघताना म्हणाले, "पदर खोच."

तुमची चौथी ओळ मात्र वाचून दाखवली नाही. "बाकी सगळं बाबांच्या वहीत आहे. ती कुठे आहे ते दादाला विचारा." ते कार्ड मी देवघरात पोथीखाली ठेवलंय.

कालची फेरी सांगते. सुकट गल्लीत शिरलो. तुम्हाला माहीत आहेच, आपल्या घरातल्या बायका त्या वासाला नाक धरून बाजूच्या रस्त्याने जात आल्या. मीही तशीच. पण गावफेरी म्हटल्यावर गाव नाक धरून कसं बघायचं? तिथे रंगूबाई बसते. पंचाहत्तरीची असेल. समोर बोंबलाचा ढीग. मी विचारलं, "देवीची पालखी पूर्वी खांदा बदलायला जिथे टेकवायचे तो विसाव्याचा दगड कुठे होता, आठवतं का?" कारण त्या दगडाने मला पुरतं छळलंय. रस्ता झाला तेव्हा तो गाडला गेला म्हणतात. कोट आळीतले म्हणतात आमच्या वळणावर होता, सरेकर आळीतले म्हणतात आमच्या, आणि घाटावरचा म्हातारा भागोजी म्हणतो, "दोघंव खोटं बोलतात, तो व्हता नदीकडं."

रंगूबाईने माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे बघितलं.

"तू मास्तरच्या वडलांची सून ना गो?"

"हो."

"मंग मला काय इचारतेस? तुझ्या सासऱ्याला मीच दाखवला व्हता. त्यांनी ध्यानात ठेवला. फ्राकातली पोर व्हती संगं. ती दगडावर उभी ऱ्हायली नि खाली उतरंना. मी तिला सुका जवळा दिला मूठभर, तर तिनं तिथंच खाल्लान."

"बामणाच्या पोरीने जवळा खाल्ला?" सेजलने विचारलं.

"खाल्लान तर! वर म्हनते, आजून दे."

वन्सं! अख्खी गल्ली हसत होती. आणि हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत!

मी विचारलं, "मग दगड कुठे ते सांगा ना." तर रंगूबाई म्हणाली, "माझं गुडघं गेलं, नजर गेली. ती घरं नाय ऱ्हायली, ती झाडं नाय ऱ्हायली. कशावरून सांगू? ती पोर सांगंल. ती किती येळ उभी व्हती त्यावर." म्हणजे आता गावात कुणालाच ठाऊक नाही. तुम्हालाच.

तिथून चवदार तळ्यावर गेलो. आमच्यात नाते गावाकडच्या एक बाई येतात, फारशा बोलत नाहीत. तळ्यापाशी त्यांनी चपला काढल्या, पायऱ्या उतरल्या, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. वर येऊन सरळ म्हणाल्या, "सत्तावीस साली माझी आजी इथे होती. पाणी प्यायली म्हणून परत जाताना मार खाल्ला. नंतर तुमच्या लोकांनी तळं शुद्ध करून घेतलं." रागाने नाही, पत्ता सांगावा तशा. मी चौतीस वर्षं या तळ्याला वळसा घालून भाजीला जाते, पायरी कधी उतरले नव्हते. बुटांच्या नाड्या सोडल्या आणि उतरले. जप आपोआप थांबला होता, त्यामुळे सुकट गल्ली ते तळं हे अंतर माझ्या मोजणीच्या कागदावर कोरंच राहिलंय.

रात्रभर त्या बाईंचं बोलणं मनात होतं. मामंजींनी या तळ्याविषयी काय लिहिलं होतं हे तुम्हाला माहीत असेल. मला माहीत नाही. का माहीत नाही ते पुढच्या पत्रात लिहिते. लिहिणारच. देवापुढे दिवा लावून ठरवलंय.

वैदेही


महाड,
शनिवार, ५ डिसेंबर १९९८

ती. सौ. वन्संना,

आज खुशाली विचारत नाही. आधी लिहून टाकते.

मामंजींची वही तुमच्या दादांनी घेतली नाही. लपवली नाही, कुणाला दिली नाही, त्यावरून लेख उतरवला नाही. वही मी संपवली.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात. मामंजी जाऊन वर्ष होत आलं होतं. पावसाळ्याआधी दरवर्षी मी जुन्या कागदांच्या लगद्याच्या टोपल्या करते हे तुम्ही पाहिलंय. घरातले सगळे रद्दी कागद चार दिवस भिजवायचे, मेथीचं पीठ घालून कुटायचे, पालथ्या घड्यावर थापायचे. कागदही वाया जात नाही आणि टोपली फुकट होते. त्या वर्षी कागद कमी पडले म्हणून फडताळातल्या माझ्या जुन्या हिशेबाच्या वह्या काढल्या. त्यात अठ्ठ्याहत्तर सालची किराण्याची होती. पहिली पानं बघितली, तेल, तूरडाळ, रॉकेल, माझंच अक्षर. नऊ वर्षांपूर्वीच्या तुरडाळीचा आता काय उपयोग? टाकली घंगाळात.

मामंजी त्याच वहीत मागच्या बाजूने लिहीत होते, हे मला ठाऊक नव्हतं. नवी वही आणायला त्यांचा जीव धजला नाही, आणि कोरी पानं फुकट जाताना त्यांना बघवलं नाही. माझ्यासारखेच ते.

भाऊबीजेला तुम्ही आलात. दादांचा लेख दिवाळी अंकात छापून आला होता. तुम्ही म्हणालात, "हे बाबांचं आहे. वही दाखव." दादा म्हणाले, "ऐकलेलं लिहिलंय. वही मलाच सापडत नाही." आणि मग तुम्ही म्हणालात, "वहिनीच्या किराण्याच्या वहीत, पाठीमागून लिहायचे. खाकी पुठ्ठा." मी तेव्हा करंज्यांचं ताट घेऊन दारात उभी होते. मला सगळं एकदम कळलं. तुम्ही भावाला चोर म्हणालात. ते म्हणाले, "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस." मी ताट खाली ठेवलं आणि काही बोलले नाही.

त्या क्षणी बोलले असते तर तुम्ही दोघं मला बोलला असतात, चार दिवस, महिनाभर. संपलं असतं. पण तुमचा राग इतका मोठा होता की तो माझ्याकडे वळेल याची भीती वाटली. नंतर दर दिवशी उशीर झाल्याचं कारण वाढत गेलं. उपास केले, अभिषेक केले. देवाला सगळं सांगितलं, ज्यांना सांगायचं त्यांना सोडून.

अजून एक आहे, तेही लिहिते. त्या भाऊबीजेला सकाळीच, भांडणाआधी, मी तुम्हाला एक टोपली दिली होती. गेरूने रंगवलेली, काठाला खडूची नक्षी. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमच्या हाताला काय सफाई आहे." ती त्याच लगद्यातली. अजून असेल तुमच्याकडे, तर वन्संबाई, वही अकरा वर्षं तुमच्याच घरी आहे.

मला काय म्हणायचं ते म्हणा. पण दादांना म्हटलेला शब्द तेवढा परत घ्या.

वैदेही


महाड,
गुरुवार, २४ डिसेंबर १९९८

ती. सौ. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी आलं. सोळा दिवस मी दारात उभी होते म्हटलं तरी चालेल. पोस्टमन लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. सोमवारी हात हलला नाही.

तुम्ही लिहिलंत, "टोपलीत मी लसूण ठेवते. रात्री रिकामी करून दिव्याखाली धरली. एका जागी निळ्या शाईचा डाग दिसतो, अक्षर लागत नाही. तुमच्यावर राग आहे आणि तो राहील. पण आधी दादाला सांगा. त्याला सांगितल्यावर मला लिहा. त्याच्याआधी मला कळलं हे बरोबर नाही."

तुम्ही रागावलेल्या असूनही हे बरोबर बोललात. मग मंगळवारी सांगितलं. हे ओसरीवर बसून रेडिओ ऐकत होते. मी रेडिओ बंद केला आणि उभ्याउभ्या सांगितलं, जसं तुम्हाला लिहिलं तसंच, एक शब्द कमी नाही.

ह्यांनी काठी चाचपून जवळ ओढली. मग म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षं मी चोर होतो, आणि तू मला वाढत होतीस."

"हो."

"मला वाटायचं मीच कुठेतरी हरवली. बाबांच्या तिथीला दरवर्षी फडताळ उपसतो, तुला दिसत नव्हतं?"

दिसत होतं, वन्सं. मी त्यांना कंदील धरत होते.

रात्री जेवले नाहीत. मीही नाही. बुधवारी फेरीचा दिवस. मला वाटलं आता हे माझी गावफेरी बंद करणार, आणि मी बूट काढून ठेवणार. तेवढीच माझी शिक्षा. दुपारी सेजल आणि तिची फौज फाटकात येऊन उभी राहिली, "काकी, चला, लेट होतंय!" मी आतून बाहेर येते तो हे कोट घालून, काठी घेऊन ओसरीत उभे.

"मी येतोय," म्हणाले. "तुझ्या खांद्यावर हात ठेवीन. पण तुझ्याशी बोलणार नाही."

"काका, मग रस्त्यात बोलणार कोणाशी?" सेजल म्हणाली.

"गावाशी."

आणि खरंच बोलले! वन्सं, तुम्ही असायला हव्या होत्या. माझ्या खांद्यावर हात, डोळ्यांना पुसट उजेड, आणि प्रत्येक वळणावर तोंडाने आळी उभी करत होते. इथे चढ लागला म्हणजे कोट आळी. इथे हवा गार लागते, म्हणजे तळं जवळ. भोई घाटाच्या पायऱ्या तर पायाने मोजून सांगितल्या, कितव्या पायरीपर्यंत कुठल्या पुराचं पाणी आलं ते. सत्तावीस बायका होत्या कालच्या फेरीला. पाळीवरून सुटलेले तिघे बाप्येही मोटारसायकली ढकलत मागून चालत होते. मी तर शिट्टी वाजवायचीही विसरले. चवदार तळ्यावर हे थांबले आणि त्या नाते गावच्या बाईंना विचारलं, "तुमच्या आजींचं नाव काय?" त्यांनी सांगितलं. हे म्हणाले, "वैदेही, लिहून घे." आदल्या दिवसापासूनचा मला उद्देशून पहिला शब्द! मी लिहून घेतलं, नव्या वहीत, पहिल्या पानावर. २६ तारखेला त्या बाई तिथे स्वतः बोलणार आहेत. शब्द दिलाय.

शेवटी विसाव्याच्या दगडाचा वाद आहे त्या वळणापाशी आलो. कोट आळीचे लोक तिथेच, सरेकर आळीचे लोक तिथेच, भागोजीही घाटावरून आलेला. प्रत्येकाची आपापली जागा. वाद जुंपला. "मास्तर, तुमी सांगा, तुमच्या वडलांनी लिवलं व्हतं म्हंतात," भागोजी म्हणाला.

हे सगळ्यांदेखत म्हणाले, "वही नाही. ती आमच्या घरात चुकून गेली. चूक घरातली आहे, बहिणीची नाही. मी तिला घर बंद केलं, ते माझं. दगड तिला माहीत आहे. ती आल्याशिवाय फेरी इथून पुढे जाणार नाही."

मग माझा खांदा सोडला, काठीने रस्त्यावर दोनदा ठोकलं आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. रंगूबाई तेवढ्यासाठी गुडघे धरून गल्लीच्या तोंडाशी आली होती. ओरडून म्हणाली, "तिला सांगा, जवळा ठेवलाय!"

माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. तेवढं मला पुरे आहे, आणि पुढचंही मी सोसेन. पण काल परत येताना पाऊण माळेभर वाट आम्ही न बोलता चाललो, आणि त्यांचा हात खांद्यावर होता. दारात आल्यावर एवढंच म्हणाले, "कालीला थंडी बाधते. तिला सांग, पहाटे पोचणारी गाडी धरू नको."

अमरावतीहून निघायचं तर दोन दिवस आधी निघावं लागेल. वरच्या खोलीला चुना मारून घेतलाय. येणार असाल किंवा नसाल, जे असेल ते उलट टपाली कळवा. मात्र मला लिहू नका, पाकिटावर दादांचं नाव घाला. आणि शाई काळी, अक्षर बोटभर मोठं काढा. मी वाचून दाखवू का विचारलं, तर नको म्हणाले. त्यांना स्वतः वाचायचं आहे.

तुमची,
वैदेही